बिरूतात्यांची राहिलेली खुंटी

बिरूतात्यांनी केलेल्या कुठल्याही वस्तूला जोडाची एक लाकडी खुंटी कमी असायची. खुर्ची असो, बाकडं असो, नाहीतर अंगणातला झोपाळा असो, सगळं ठाकठीक करून, तळहात फिरवून ते तुमच्या दारात आणून ठेवत आणि निघताना एका रिकाम्या भोकाकडे बोट दाखवत. "ही एक ऱ्हायलीय. मागनं येऊन ठोकतो." नव्या गिऱ्हाइकाला वाटे, म्हातारा विसरला, नाहीतर चुकारपणा करतोय. मलाही आधी तसंच वाटलं होतं. विचारलं तर त्यांनी माझ्याकडे शाळेतल्या मठ्ठ मुलीकडे बघावं तसं बघितलं. "बाई, लाकूड घरात आलं म्हंजी लगीच रुळलं आसं आसतंय व्हय? एक पावसाळा खाऊ द्या त्याला. फुगंल, आखडंल, कुठं बसायचं ते त्याचं त्ये ठरवंल. मग शेवटची ठोकायची." आणि खरोखरच दसरा झाला की ते सायकलवरून यायचे, फडक्यात गुंडाळलेली खुंटी काढायचे, दोन ठोके मारायचे, चहा प्यायचे आणि त्या घराशी त्यांचा हिशेब मिटायचा.

तात्या कन्हेरीचे. घराणं मेंढरं राखणारं. लहानपण कळपामागे चालण्यात गेलेलं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला जायचं आणि पावसाच्या तोंडाला माघारी यायचं. अशाच एका वाटेवरच्या गावात कळपातल्या एका मेंढराचा पाय मोडला. ते सांभाळायला म्हणून बिरूला तिथल्या सुताराच्या पडवीत ठेवून बाकीचे पुढे गेले. मेंढराचा पाय महिन्याभरात धड झाला, बिरू मात्र तिथं दोन वर्षं राहिला. "मेंढरू माघारी आलं, मीच ऱ्हायलो," असं ते हसून सांगायचे. पुढे कळप कमी होत होत संपला, भावांनी शेतात ऊस लावला. तात्या मात्र घराशेजारच्या पत्र्याच्या छपराखाली रंधा मारत बसले. त्यांचं निम्मं शास्त्र सुताराचं होतं आणि निम्मं मेंढक्याचं. लाकडाला तेल द्यायला ते जुन्या घोंगडीचा तुकडा वापरत. सुती चिंधीनं दिलेलं तेल वरच्या वर राहतं आणि लोकरीनं दिलेलं आत जातं, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती नव्वदच्या आसपास, आणि ती आमच्या आबांमुळे. आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर ते निरवांगीत एकटेच राहत होते. उसाची जमीन वाट्यानं दिलेली, पण रोज सकाळी रानात चक्कर मारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. एका सकाळी विहिरीजवळच्या उतारावरून ते घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. संध्याकाळी शेजारच्या वस्तीवरच्या एकाला गुरं घेऊन परतताना हाक ऐकू आली. तोवर आबा दिवसभर उन्हात तसेच पडून होते. दवाखाना झाला, हाड जुळलं, आणि आम्ही त्यांना बारामतीत, कन्हेरीच्या बाजूला बांधलेल्या आमच्या नव्या घरी आणलं. आबा आले, पण येतानाच सांगून आले, "पाडव्याला मी जानार माघारी."

आम्हा दोघांची नोकरी बारामतीत. हे एमआयडीसीतल्या एका कंपनीत, मी मुलींच्या शाळेत. निरवांगीला जाऊन राहणं आम्हाला शक्य नव्हतं आणि आबांना तिथं पुन्हा एकटं सोडायची हिंमत नव्हती. पुढच्या वेळी हाक कुणाला ऐकू आली नाही तर? पण आबांपुढे हे बोलायची सोय नव्हती. ते घरात बसतच नसत. चार भिंतींत त्यांना कोंडल्यासारखं व्हायचं. मागच्या दारी मुरूम आणि दगडगोटे, तिथं काठी टेकली की सरकायची. ह्यांनी हौसेनं चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या. तेव्हा बारामतीत त्यांची नवलाई होती आणि लग्नाच्या मांडवापासून दवाखान्यापर्यंत जिथं तिथं त्याच दिसत. त्या खुर्चीचा पाय मुरमात फताडा व्हायचा आणि आबा तिला अशा काही शिव्या द्यायचे, की शेजारच्या मुलांचा अभ्यास थांबायचा.

माझ्या शाळेतल्या कुलकर्णीबाईंच्या दारात एक लाकडी बाकडं होतं. पाच उन्हाळे-पावसाळे बाहेर काढूनही ते गुळगुळीत होतं. त्यांच्याकडून पत्ता घेऊन मी कन्हेरीला गेले. छपराखाली एक उंच, वाळका म्हातारा फळीला कान लावून बसला होता. मी म्हटलं, सासऱ्यांसाठी अंगणात बसायची खुर्ची हवी आहे.

"गुडघा आणलाय का त्यांचा?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी गोंधळले. "गुडघा?"

"भुईपासनं गुडघा किती उंच हाय ते बघितल्याबिगार खुर्ची कशी करू? खुर्ची काय घराची आसती व्हय? माणसाची आसती. म्हाताऱ्याचं हाड मोडलेलं, म्हंजी उठताना आधार पायजे. उद्या येतो मी, गुडघ्याकडंच."

दुसऱ्या दिवशी ते गाठी मारलेली दोरी खिशात घालून हजर झाले. टेप त्यांच्याकडे नव्हता. त्या दोरीवरच सगळी मापं. आबा मागच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर रुसून बसले होते. तात्यांनी आधी त्या खुर्चीभोवती एक चक्कर मारली, तिला टिचकी मारली आणि मला विचारलं, "बाई, ही मोडली की कुठं टाकनार?"

"टाकू कुठंतरी."

"कुठंतरी म्हंजी कुठं? शेळी खानार न्हाय. मातीत पुरली तर तुमच्या नातवाला तशीच घावंल. चुलीत घातली तर घर सोडून पळावं लागंल." मग आबांकडे वळून म्हणाले, "गाव कंचं तुमचं?"

"निरवांगी," आबा तुटकपणे म्हणाले.

तात्या खाली बसले. "बांधावर दुफाट्याची बाभळ हाय, त्या रानातलं का?"

आबांनी पहिल्यांदा नीट त्यांच्याकडे पाहिलं. "व्हती बाभळ. गेल्या वळवाला पडली. तुला कसं ठावं?"

"आमची मेंढरं बसवायचा की तुमचा बाप. खतासाठी आठ-आठ दिस आमचा कळप तुमच्या रानात. तुमच्या आईनं त्या बाभळीखाली मला ताक दिल्यालं हाय."

"म्हंजी त्यो शेंबडा पोरगा तू व्हय रं?"

"तुमीबी शेंबडंच व्हता की तवा," तात्या म्हणाले आणि दोरी सोडून आबांच्या गुडघ्याला लावली.

पडलेल्या बाभळीचं काय केलं, असं त्यांनी विचारलं. ती तशीच बांधाला आडवी पडून होती. सरपणाला लोक मागत, आबा देत नसत. का देत नव्हते ते त्यांना सांगता येत नव्हतं. तात्यांनी फार विचारलं नाही. उभ्या झाडाला हात लावायचा नाही, पडलेलं, मोडलेलं, टाकलेलं तेवढंच लाकूड वापरायचं, हा त्यांचा नेम होता. त्यामुळे अशा बातमीवर त्यांची बारीक नजर असे. ते ह्यांना म्हणाले, "ट्रॉली लावून ती बाभळ हितं आणा. खुर्ची करूच, पण मागच्या दाराला सबंध फळ्यांचा ओटा करू. आबांची काठी सरकायची न्हाय. निरवांगीला जायाचं म्हनत्यात नव्हं, तवर निरवांगीवर बसतील."

आबा काठीनं मुरूम उकरत म्हणाले, "बरं हाय. माझ्या बाभळीचा ओटा पुरा झाल्याला डोळ्यांनी बघतो आन मग जातो."

पाडव्याचा वायदा असा पहिल्यांदा पुढे गेला. आम्ही दोघांनी मनातल्या मनात हुश्श केलं. ओटा व्हायला किती दिवस लागतात याची आम्हाला कल्पना नव्हती. आबांनाही नव्हती. तात्यांना होती.

बाभळ आली. तात्यांनी तिचे ओंडके केले आणि कन्हेरीतल्या एका पडक्या विहिरीत, वर दगड ठेवून, पाण्यात बुडवले. बाभळीला भुंगा फार लागतो. पाण्यात मुरवली की भुंग्याला आवडणारा आतला गोडवा निघून जातो. "किती दिस?" आबांनी विचारलं. "दिवाळीपातूर," तात्यांनी शांतपणे सांगितलं. आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दर पंधरवड्याला ते ह्यांना स्कूटर काढायला लावून विहिरीवर जात आणि पाण्यात बघत उभे राहत. दिवाळीला ओंडके निघाले, वखारीतल्या करवतीवर फळ्या पडल्या, आणि तात्यांनी त्या सावलीत एकावर एक रचल्या, मधे हवा खेळायला लाकडाच्या चिपा घालून. "आता?" "आता वाळू द्या. शिमग्यापातूर." आबा चिडून म्हणाले, "बिरू, मी काय आमरपट्टा घेऊन आलोय व्हय रं?" तात्या म्हणाले, "ओल्या फळीचा करतो की उद्या. पावसाळ्यात टोपलीसारखा वाकडा झाला तर बाभळीला नावं ठेवायची न्हाईत."

शेवटी पुढच्या गुढीपाडव्याच्या सुमाराला ओटा उभा राहिला. आता बाजारात अशा कामाला काय काय इंग्रजी नावं आहेत. आम्ही त्याला ओटाच म्हणायचो. खाली दगडी पाये, लाकूड कुठेही मातीला टेकलेलं नाही, म्हणजे वाळवीला वाट नाही. दोन फळ्यांमध्ये करंगळीएवढी फट, पाणी खाली जायला. सगळं खुंट्यांवर, एक खिळा नाही. बाभळीला लोखंड लागलं की ती तिथं काळी पडते, दिसायला शाई सांडल्यासारखी. त्यावर आबांच्या गुडघ्याची खुर्ची. आबा तिच्यात बसले, हातांवर जोर देऊन उठले, पुन्हा बसले, आणि एकही शिवी दिली नाही. ही त्यांची शाबासकी होती.

"झाला का पुरा?" त्यांनी विचारलं.

तात्यांनी कडेच्या फळीतल्या रिकाम्या भोकाकडे बोट दाखवलं. "एक ऱ्हायलीय."

ओट्याची निगा राखायचे धडे मला त्याच दिवशी मिळाले. फटीतला पालापाचोळा रोज काढायचा, तो कुजला की फळी कुजते. बादलीनं पाणी मारायचं नाही. कुंडी थेट फळीवर ठेवायची नाही. मी मोगऱ्याची कुंडी ठेवली होती, तर आठ दिवसांत तात्यांनी खालचा काळा गोल मला दाखवला. "कुंडीला पाय द्या बाई. तुमाला कुणी वल्या फरशीवर म्हैनाभर बसवलं तर चालंल का?" मी विटांचे तुकडे शोधून आणले. आणि दर वर्षी मिरगाच्या आधी तेल. करंज आणि जवसाचं, थोडं कोमट करून, घोंगडीच्या तुकड्यानं, लाकडाच्या रेघेबरोबर. शेजारच्यांनी सल्ला दिला होता, की ट्रॅक्टरचं जळकं ऑइल फासा, फुकट मिळतं आणि वाळवी फिरकत नाही. तात्या म्हणाले, "फासा की. मग आबांच्या धोतरालाबी तेच फासा, म्हंजी डाग दिसायचं न्हाईत." फटी साफ करायचं काम आबांनी आपण होऊन घेतलं. तुरीची काडी घेऊन रोज सकाळी ते फळीफळीनं फिरायचे. निरवांगीच्या रानातली चक्कर इथं आली, हे मला तेव्हा लक्षात आलं नाही.

पहिला पावसाळा गेला. दसऱ्यानंतर तात्या आले, फळ्यांवरून अनवाणी चालले, वाकून वास घेतला आणि म्हणाले, "हलतंय अजून. पुढल्या साली बघू." आबा कडाडले. तात्या चहा पिऊन गेले.

दुसऱ्या वर्षी मात्र घोटाळा झाला, आणि तो केला आमच्या ह्यांनी. त्यांचे पुण्याचे साहेब घरी यायचे होते. ह्यांना तो उघडावाघडा ओटा एकदम दरिद्री वाटायला लागला. तात्या लेकीच्या बाळंतपणाला डाळजला गेलेले, मी शाळेच्या कामात, आबा दुपारचे झोपलेले. संध्याकाळी येऊन बघते तर ओटा हिरवागार! ह्यांनी कंपनीतून उरलेला ऑइलपेंट आणून दोन हात मारले होते. फटीसुद्धा रंगाऱ्याची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवल्या होत्या. "कसा वाटतो?" म्हणून हे ब्रश हातात घेऊन उभे. आरशासारखा चमकत होता तो. साहेब आले, वाहवा करून गेले. चौथ्या दिवशी पाऊस आला. पाणी खाली जायला जागा नाही, त्यामुळे ते वरच साचलं, आणि सकाळी सवयीनं तुरीची काडी घेऊन बाहेर पडलेले आबा दोन पावलांत घसरले.

नशीब, खुर्चीचा हात धरला म्हणून हाड वाचलं. पण मन मोडलं. आबांनी पिशवी भरली. धोतरं, औषधं, सासूबाईंचा फोटो. "आजच्या यष्टीनं जातो. घसरायचंच हाय तर माझ्या गावात घसरंन." हे गयावया करत होते, मी रडकुंडीला आले होते. तेवढ्यात डाळजहून परतलेले तात्या आमच्याकडे तेल द्यायला म्हणून आले. त्यांनी हिरवा ओटा पाहिला. ह्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण ते एवढंच म्हणाले, "लई मेहनत घेतली सायबांनी." त्यापेक्षा दोन शिव्या बऱ्या होत्या.

मग आबांच्या पिशवीकडे पाहून म्हणाले, "जावा की. पण बाभळीच्या तोंडावर पिशवी बांधून चाललाय तुमी. श्वास कोंडलाय तिचा. मी एकटा किती खरवडू?"

त्यांनी फुटक्या काचेचे तुकडे मागितले. काचेच्या धारेनं रंग निघतो आणि लाकूड शाबूत राहतं. एक तुकडा फडक्यात धरून त्यांनी आबांच्या हातात दिला. आबांनी पिशवी दाराशी ठेवली आणि खुर्चीवर बसून समोरच्या फळीवर रागारागानं काच ओढायला लागले. "रेघेबरोबर, आबा, रेघेबरोबर. आडवं चाललं की लाकूड बोंबलतं." "मला शिकवतो व्हय रं मेंढक्या!" "शिकवावंच लागतंय, उसात काय रेघ आसती!" असं ते दोघं तब्बल अकरा दिवस खरवडत बसले. हे सुट्टीच्या दिवशी मुकाट्यानं फटींतली लांबी काढायचे. त्या अकरा दिवसांत माझ्या घरातला चहाचा डबा दोनदा संपला आणि पिशवी दाराशी तशीच राहिली. बाराव्या दिवशी मी ती गुपचूप आत नेऊन रिकामी केली. आबांनी बघितलं आणि चहा मागितला.

खुंटी अर्थातच पुढे गेली. "सगळं लाकूड घुसमटलंय. आता पयल्यापासनं पावसाळा मोजायचा."

त्यानंतर तो एक वार्षिक कार्यक्रमच झाला. दसऱ्यानंतर तात्या यायचे, अनवाणी फिरायचे, वास घ्यायचे. आबा खुर्चीतून ओरडायचे, "बिरू, यंदा ठोकनार हायस का न्हाय? मला गावाकडं जायाचं हाय!" तात्या काही ना काही कारण काढायचे. यंदा पाऊस कमी झाला, लाकूड फुगलंच नाही. यंदा जास्त झाला, अजून उतरलं नाही. कधी चांगली खुंटी मिळाली नाही, कधी मिळालेली पसंत पडली नाही. मग तासभर भांडण, चहा, कारखान्याचा भाव, कोण गेलं, कोण राहिलं, आणि दिवस कलला की सायकल. मिरगाच्या आधी तेलाला आले की तेच. एरवीही महिन्यातून एखादी चक्कर व्हायचीच, "खुंटीचं बघायला."

पाचव्या वर्षी माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तोही कुलकर्णीबाईंमुळे. त्यांनी तात्यांकडून झोपाळा करून घेतला होता. एकदा सहज म्हणाल्या, "दसऱ्याला येऊन खुंटी ठोकून गेले हो. एका पावसाळ्यात काम पुरं." मी घरी येऊन ओट्यावर उभी राहिले. इतरांना एक पावसाळा, मग आमची बाभळ काय पाच वर्षं हलते आहे? आबांचं वाक्य आठवलं, ओटा पुरा झालेला बघतो आणि मग जातो. तात्यांनी ते पहिल्याच दिवशी ऐकलं होतं. ज्या माणसाला लोक चुकार म्हणतात, तो आमच्या म्हाताऱ्याला एका रिकाम्या भोकाच्या जोरावर पाच वर्षं धरून बसला होता.

पुढच्या खेपेला मी त्यांना फाटकाशी गाठलं. म्हटलं, "तात्या, मला कळलं. खुंटी कधीच ठोकणार नाही ना तुम्ही?"

ते सायकलचं स्टँड काढत होते. डोळे बारीक करून हसले. "माझ्यापाशी न्हाईच खुंटी, बाई. ज्याचा ओटा त्यानं सांगायचं." मला वाटलं, नेहमीसारखीच टोलवाटोलवी. मी हात जोडले. ते म्हणाले, "हात काय जोडता, कुंडीखालची ईट फुटलीय ती बदला."

शतक संपायला दोनेक वर्षं उरली असताना, संक्रांतीनंतर तात्या गेले. चार दिवस ताप आला आणि पाचव्या दिवशी आटोपलं. आबा कन्हेरीला जाऊन आले. तात्यांच्या छपराखाली अर्धवट बाकडं होतं, असं त्यांनी सांगितलं, आणि मग दोन दिवस मागच्या दारी फिरकलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी तुरीची काडी घेऊन बाहेर गेले, पण फटी न काढता नुसतेच खुर्चीत बसून राहिले. मला तात्यांचं दुःख होतंच. ज्या माणसानं माझ्या घराला पाय दिले तो गेला, असं वाटत होतं. पण खरं सांगायचं तर त्या दुःखापेक्षा भीती मोठी होती. आता आबांना धरून ठेवणारं कुणी उरलं नव्हतं. हे तर एकदा म्हणाले, "दुसऱ्या सुताराकडून ती एक खुंटी मारून घेऊ या का? ते भोक डोळ्यात खुपतं." मी त्यांच्यावर अशी काही धावून गेले की बिचारे पेपर घेऊन आत गेले. मग रात्री जेवताना सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी पुन्हा त्या भोकाचं नाव काढलं नाही.

मिरग जवळ आला. एका रविवारी सकाळी आबांनी हाक मारली. "सूनबाई, करंजाचं तेल आन. आन हातोडा."

"हातोडा कशाला, आबा?"

"आन म्हनतो नव्हं."

मी हातोडा दिला आणि दारात खिळून उभी राहिले. हे पेपर बाजूला ठेवून माझ्या मागे आले. आबा वाकले, हातोडा उचलला, आणि तेलाच्या डब्याच्या गंजलेल्या झाकणाला दोन ठोके मारून ते उघडलं. मग हातोडा बाजूला ठेवला. घोंगडीचा तुकडा त्यांनी तात्यांच्या घरून मागून आणला होता, मला माहीतही नव्हतं. तो तेलात बुडवून ते खुर्ची सरकवत, बसल्या बसल्या वाकून पहिली फळी पुसायला लागले. रेघेबरोबर. अर्धा ओटा झाल्यावर ते थांबले, कमरेची चंची सोडली आणि तंबाखूच्या कप्प्यातून बोटाएवढी काहीतरी वस्तू काढली. काळपट, गुळगुळीत. बाभळीची खुंटी.

"ही कुठली?" मी विचारलं.

"हिचीच," त्यांनी भोकाकडे मान हलवली. "बिरूनं तिसऱ्या दसऱ्यालाच दिली माझ्यापाशी. म्हनला, आबा, लाकूड बसलंय आता. ज्या दिशी तुमाला निरवांगीला जावंसं वाटंल त्या दिशी तुमीच ठोका. मी मधी येत न्हाय."

"आणि मग दरवर्षी तुम्ही त्यांच्याशी भांडत होतात ते? खुंटी ठोक म्हणून?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच खेकसला. "मग काय करू? खुंटी पावली आसं म्हनलो आसतो तर यायाचं बंद केलं आसतं की त्यानं."

त्यांनी घोंगडीच्या तुकड्यानं खुंटीला तेल दिलं, चारी बाजूंनी, सावकाश, नीट पुसली आणि पुन्हा चंचीत ठेवली. मग मला म्हणाले, "बगत काय ऱ्हायलीस? त्या कुंड्या उचल. पलीकडच्या चार फळ्या ऱ्हायल्यात."

मी कुंड्या उचलल्या. ह्यांनी घोंगडीचा दुसरा तुकडा घेतला आणि न सांगता रेघेबरोबर चालायला लागले. हातोडा मात्र मी त्याच दिवशी माळ्यावरच्या ट्रंकेत तळाशी ठेवून दिला. उगीच कुणाच्या हाताशी नको.